नाण्यावरचे दुहेरी अक्षर आणि सतराशे रुपयांचा सूक्ष्मदर्शक

गेल्या दिवाळीनंतर नाणी तपासण्यासाठी मी दोन वस्तू विकत घेतल्या. संगणकाला वायरने जोडायचा एक डिजिटल सूक्ष्मदर्शक ऑनलाइन मागवला, त्याला १,६९० रुपये पडले. आणि पुढे महिन्याभराने झवेरी बाजारातल्या एका हत्यारांच्या दुकानातून दहा पटीचे घडीचे भिंग घेतले, ज्याला सराफ आणि हिरेवाले मंडळी 'आयग्लास' म्हणतात, त्याचे ६५० रुपये मोजले. हे परीक्षण मुख्यतः सूक्ष्मदर्शकाचे आहे, पण भिंग हातात येईपर्यंत सूक्ष्मदर्शकाने मला किती आणि कसे फसवले हे कळलेच नव्हते, म्हणून दोन्हींबद्दल लिहावे लागत आहे. सूक्ष्मदर्शकाच्या उत्पादकाचे नाव देत नाही, कारण हेच यंत्र, तोच खोका आणि तेच स्टँड निदान आठ-दहा नावांनी विकले जाते आणि पुढे लिहिलेले गुणदोष त्या सगळ्यांना सारखेच लागू पडतील असे मला वाटते.

बँकेच्या रोकड खिडकीमागे एकतीस वर्षे काढल्यामुळे चिल्लर हा माझ्या हाताला सवयीचा विषय आहे. खोटे नाणे आवाजावरून आणि वजनावरून ओळखता येत असे, पण नाण्याकडे अक्षर अक्षर निरखून पाहण्याची वेळ निवृत्तीनंतर आली. कारण सोपे होते. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवायला आले होते, ज्यात एक रुपयाच्या साध्या नाण्यावरचे 'भारत' दुहेरी दिसते म्हणून त्याची किंमत लाखात सांगितली होती. जुनी नाणी विकत घेण्याच्या अशा खोट्या प्रस्तावांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती आणि आपले नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितले होते, तरी असे व्हिडिओ काही थांबलेले नाहीत. मला लाखाची आशा नव्हती. पण दुहेरी अक्षर खरोखर टांकसाळीतल्या डायमुळे (नाणे छापणाऱ्या पोलादी साच्यामुळे) आले की नाणे झिजल्याने, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता यावे, एवढी इच्छा मात्र झाली, आणि त्याच इच्छेपोटी हे यंत्र घरात आले.

यंत्राकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची, हे कळण्यासाठी 'डबल डाय' कशाला म्हणतात ते आधी नीट समजून घ्यावे लागते. नाण्याचा मूळ उठाव एका कठीण पोलादी ठशावर असतो, त्याला हब म्हणतात. तो हब मऊ केलेल्या पोलादावर दाबला की खोलगट आकृतीची डाय तयार होते, आणि ती डाय पुढे लाखाच्या घरात नाणी छापते. जुन्या पद्धतीत एका दाबात आकृती पुरती उतरत नसे, कारण दाबाखाली पोलाद कडक होते. म्हणून डाय काढून, तापवून, पुन्हा मऊ करून हबखाली दुसऱ्यांदा ठेवत. या दुसऱ्या वेळी ती केसभर जरी फिरलेली बसली, तरी तिच्यावर दोन आकृत्या एकमेकींच्या अंगावर कोरल्या जात, आणि त्या डायने छापलेल्या प्रत्येक नाण्यावर ते दुहेरीपण जसेच्या तसे उतरे. म्हणजे दोष नाण्यात नसतो, नाणे जन्माला घालणाऱ्या डायमध्ये असतो. पुढे एकाच दाबात डाय तयार करण्याचे तंत्र आले, तरी दोष अगदीच संपला नाही. डाय दाबाच्या सुरुवातीला किंचित कलली तर दुहेरीपण उमटते, पण ते बहुधा नाण्याच्या मध्यभागाजवळ आणि लहानशा जागेत असते. अमेरिकेच्या २००९ सालच्या एका सेंटवर तरुण लिंकनच्या हाताला जादा बोट दिसते, ते याच प्रकारचे.

या विषयातले सर्वांत प्रसिद्ध नाणे म्हणजे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला १९५५ चा लिंकन सेंट. त्यावरचे साल आणि कडेची अक्षरे इतकी स्पष्ट दुहेरी आहेत की भिंगाची गरजच पडत नाही, आणि लिंकनचा चेहरा मात्र जवळपास एकेरी आहे, कारण हब मध्याभोवती फिरला की मध्याजवळ सरक कमी आणि कडेला जास्त होते. अशी सुमारे वीस ते चोवीस हजार नाणी चलनात गेली असे मानतात आणि आज चांगल्या अवस्थेतल्या नाण्याला हजार डॉलरहून अधिक किंमत येते. गंमत अशी की त्याच सालच्या दुसऱ्या सेंटांमध्ये शेवटचा ५ हा आकडा दुहेरी भासणारी नाणी आहेत, ती 'गरिबांचा डबल डाय' या नावाने विकली जातात, आणि त्यांच्यावरचे दुहेरीपण केवळ डाय झिजल्यामुळे आलेले आहे. एकाच साली, एकाच टांकसाळीत, एकीकडे हजार डॉलर आणि दुसरीकडे थोडेसे सुटे. माझ्या यंत्राला हा फरक दाखवता येतो का, एवढाच माझा प्रश्न होता.

आता यंत्राकडे वळतो. खोक्यात अंगठ्याएवढ्या जाडीचा नळकांड्यासारखा कॅमेरा, त्याच्या तोंडाशी गोलाकार बसवलेले आठ पांढरे एलईडी दिवे, वायरवर दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे छोटे चाक, एक प्लास्टिकचे स्टँड आणि सॉफ्टवेअरचा पत्ता लिहिलेला कागद मिळतो. खोक्यावर '१००० पट' असे ठसठशीत छापलेले आहे, ते खरे मानू नये. मी लेन्सखाली पोलादी फूटपट्टी ठेवून जास्तीत जास्त मोठे करून पाहिले, तेव्हा पडद्यावर फूटपट्टीचे साधारण दोन मिलिमीटर मावले; माझ्या पडद्याची रुंदी तीनशे मिलिमीटर असल्यामुळे खरी मोठाई दीडशे पटीच्या आसपास येते. त्याहून मोठा पडदा लावला तर आकडा वाढेल, पण तपशील वाढणार नाही. नाण्याच्या कामाला मात्र दीडशे पट ही कमी नव्हे, उलट फार जास्त आहे. दहा ते तीस पटीच्या पुढे अक्षराची फक्त एखादी कड पडद्यावर उरते, आणि ती कड कोणत्या अक्षराची, कोणत्या दिशेला सरकलेली, याचा संदर्भच हरवतो.

पहिले दोन आठवडे मला फार आनंदाचे गेले, हे कबूल केले पाहिजे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठलेली नाणी, शिवाय कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणि वाण्याकडून नोटा देऊन आणलेली चिल्लर, अशी सहाशेच्या वर नाणी मी पडद्यावर पाहिली आणि त्यांतली एकेचाळीस 'दुहेरी' म्हणून बाजूला काढली. एकेचाळीस! रोकड खिडकीचा अनुभव असलेल्या माणसाला हा आकडा पाहूनच शंका यायला हवी होती, कारण शंभरात सहा-सात नाणी दुर्मीळ निघू लागली तर ती दुर्मीळ कसली. पण पडद्यावर मोठे केलेले अक्षर आणि त्याच्या शेजारची लख्ख पांढरी रेघ पाहिली की माणसाचा विवेक जरा मागे पडतो. मी प्रत्येकाला कागदी पाकीट केले, वर साल लिहिले, आणि टांकसाळीची खूणही लिहिली. मुंबईचे असेल तर सालाखालचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा चौकट आकार, हैदराबादचे असेल तर तारा, नोएडाचे असेल तर ठिपका, आणि कोलकात्याचे असेल तर खूणच नाही.

ती लख्ख पांढरी रेघ कुठून येत होती, याची दोन कारणे पुढे माझ्या लक्षात आली, आणि खरेदी करणाऱ्याने ही दोन कारणे यंत्र उघडण्याआधीच माहीत करून घ्यावीत. पहिले कारण त्या गोलाकार दिव्यांचे. एक रुपयाचे नाणे १९९२ पासून पोलादाचे आहे, त्यात सुमारे सतरा टक्के क्रोमियम असते, आणि त्याचा पृष्ठभाग आरशासारखा प्रकाश परतवतो. आठ बाजूंनी प्रकाश पडला की उठावाच्या प्रत्येक बाजूचा उतार एकाच वेळी चमकतो, सावली कुठेच उरत नाही, आणि अक्षराच्या दोन्ही कडांना समांतर रेघा दिसतात, ज्या मनाला दुसऱ्या अक्षरासारख्या भासतात. दुसरे कारण सॉफ्टवेअरचे. चित्र ठळक दिसावे म्हणून स्वस्त कॅमेरे गडद आणि फिकट भागांच्या सीमेवर कृत्रिम रेघ ओढतात. फोटोत एखाद्याच्या डोक्याभोवती पांढरट कड दिसते, तसाच प्रकार. माझ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ही ठळकपणाची पट्टी कारखान्यातूनच मधल्या खुणेच्या पुढे ठेवलेली होती. ती शून्यावर आणताच एकेचाळीसपैकी नऊ नाण्यांचे दुहेरीपण तिथल्या तिथे नाहीसे झाले. त्या नऊ पाकिटांवर मी किती निगुतीने साल लिहिले होते ते आठवून हसू आले.

भिंग घेण्याचा सल्ला फोर्टमधल्या एका नाणेविक्रेत्याने दिला. त्यांच्यापुढे उरलेली बत्तीस नाणी ठेवली, तेव्हा त्यांनी खिशातून आयग्लास काढून पाच मिनिटांत चाळून टाकली आणि म्हणाले, "साहेब, पडद्यावर नाणं बघू नका. नाणं हातात फिरतं ठेवा आणि दिवा एकच ठेवा." एवढे बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या वेळी मला ते थोडे तुटक वाटले, पण त्या दोन वाक्यांत जे होते ते मला यंत्राच्या माहितीपत्रकात सापडले नव्हते.

झवेरी बाजारातल्या दुकानात दहा पट म्हणून दीडशे रुपयांपासून भिंगे होती. दुकानातल्या मुलाने दोन भिंगे आणि आलेखाच्या कागदाचा एक तुकडा समोर ठेवला. "काका, आधी ह्याच्यातून चौकोन बघा, मग किंमत विचारा," तो म्हणाला. स्वस्त भिंगातून मधले चौकोन ठीक दिसत होते, पण कडेकडेच्या रेघा वाकत होत्या आणि प्रत्येक रेघेला जांभळी-पिवळी किनार येत होती; तीन काचा जोडून केलेल्या भिंगातून चौकोन शेवटपर्यंत सरळ आणि बिनरंगी राहिले. नाण्याच्या बाबतीत ही किनार म्हणजे आणखी एक खोटे दुहेरीपण, हे सांगायला नकोच. दहा पटीचे भिंग डोळ्याला लावून नाणे त्याच्यापासून साधारण एक इंचावर आणावे लागते, आणि एवढ्या अंतरात टेबललॅम्पचा प्रकाश बाजूने, तिरपा आत शिरायला जागा उरते. सूक्ष्मदर्शकाचे तोंड मोठ्या झूमवर नाण्याला जवळजवळ टेकते, म्हणून तिथे ही सोय नाही.

आता प्रत्यक्ष एक नाणे घेऊ. १९९८ चा रुपया, सिंहमुद्रेच्या बाजूला 'भारत' लिहिलेले. टेबललॅम्प डावीकडे, नाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम वीतभर उंच. भिंगातून 'भारत'च्या शिरोरेषेखाली आणि कान्याच्या उजव्या अंगाला एक दुसरी रेघ दिसत होती. नाणे बोटांत किंचित फिरवले तेव्हा ती संपूर्ण रेघ एका क्षणात आरशासारखी चमकली आणि पुढच्याच क्षणी संपूर्ण काळी झाली. याचा अर्थ ती सपाट आहे, एका पातळीतली आहे. ओट्याच्या कडेला पायरी असावी तशी. खऱ्या दुहेरी डायच्या अक्षराचा माथा गोलसर असतो, त्यामुळे फिरवताना त्यावरची चमक अशी पेटत-विझत नाही, ती हळूहळू सरकत जाते. शिवाय या नाण्यावर मूळ काना शेजारच्या त्याच जातीच्या नाण्यावरच्या कान्यापेक्षा बारीक दिसत होता, म्हणजे पायरी कान्याच्याच धातूतून खाली दाबून काढलेली होती. हे नाणी छापण्याच्या यंत्राच्या सैलपणामुळे येणारे दुहेरीपण. छाप उठल्यावर डाय घट्ट बसलेली नसेल तर ती मागे जाताना जराशी सरकते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराला बाजूने चेपते. असे नाणे टांकसाळीतच घडते, पण डाय निर्दोष असते, आणि संग्राहकांच्या बाजारात अशा नाण्याला दर्शनी किमतीहून फारसे जास्त कोणी देत नाही. नाणेविक्रेत्याने यालाच 'मशीनची गडबड' म्हटले होते.

खऱ्या दुहेरी डायमध्ये उलट घडते. दोन आकृत्यांची बेरीज असल्यामुळे अक्षर जाड होते, आणि जिथे रेघा संपतात तिथे, म्हणजे देवनागरीत शिरोरेषेच्या टोकाशी किंवा कान्याच्या तळाशी, दोन टोकांच्या मध्ये छोटीशी खाच दिसते, जणू एका पट्टीचे टोक कात्रीने मधून चिरले आहे. ही खाच मला सर्वांत भरवशाची खूण वाटते, कारण ती झिजेने किंवा माराने बनणे अवघड आहे. अमेरिकन नाण्यांच्या बाबतीत आणखी एक खूण सांगतात: १९९० पूर्वी तिथे टांकसाळीचे अक्षर डायवर वेगळे ठोकले जाई, म्हणून त्या काळच्या नाण्यावर सालाबरोबर टांकसाळीचे अक्षरही तेवढेच आणि त्याच दिशेने सरकलेले असेल तर ते बहुधा छापण्याच्या यंत्राच्या सैलपणाचे दुहेरीपण. ही खूण त्यांच्या टांकसाळीच्या पद्धतीवर बेतलेली आहे, ती उचलून आपल्या चौकट आकाराला लावू नये. मी लावली होती, आणि चार पाकिटे उगाच इकडची तिकडे केली.

डाय झिजल्याने येणारे दुहेरीपण वेगळ्याच स्वरूपाचे असते, आणि आपल्या पोलादी नाण्यांत ते वारंवार सापडते, कारण कठीण धातूवर ठसे मारून डाय लवकर थकते. अशा नाण्यावर अक्षरे कडेच्या बाजूला सुजल्यासारखी, पसरलेली दिसतात. अक्षराला स्पष्ट दुसरी कड नसते, नुसता फुगवटा असतो. आणि सपाट भागाकडे तिरप्या प्रकाशात पाहिले तर मोसंबीच्या सालीसारखा खडबडीतपणा किंवा मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा आढळतात. इथे मात्र सूक्ष्मदर्शकाला पूर्ण गुण दिले पाहिजेत. या रेषा त्याच्यावर इतक्या स्वच्छ दिसतात की भिंगातून तसे दिसणे माझ्या वयाच्या डोळ्यांना शक्य नव्हते.

माराने झालेल्या खुणांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण एकदा एकच दिवा लावायची सवय झाली की त्या पाहताक्षणी ओळखू येतात. डायमधून आलेली आकृती नाण्यावर उठलेली असते. मार बहुतेक वेळा खोलगट असतो, आणि जिथे धातू दबला तिथे त्याच्या शेजारी तो उचकटून वर आलेला दिसतो. मारलेली रेघ अक्षर आणि सपाट भाग असा भेद करत नाही, सरळ दोन्हींवरून जाते. माझ्या बत्तिसात रुळावर ठेवून चपटे केलेले एक नाणे होते, डांबरात रुतून निघालेली दोन होती, आणि तीन-चार देव्हाऱ्यातली होती, जी वर्षानुवर्षे चिंचेने घासून इतकी मऊ झाली होती की राष्ट्रीय एकात्मतेच्या दोन रुपयांवरचा नकाशा आणि त्याभोवतीची अक्षरे आपापल्या सावल्यांसारखी उरली होती. झिजलेल्या अक्षराच्या उताराची कड आणि माथ्याची कड वेगवेगळी दिसू लागते, म्हणून ती दुहेरी भासते, एवढेच. नाणी मोजण्याच्या यंत्रातल्या रबरी चाकाने पडलेले वळणदार ओरखडेही होते. ते मात्र मी पडद्यावरसुद्धा ओळखले, कारण ते ओरखडे पाडणारे यंत्र माझ्याच टेबलाशेजारी कित्येक वर्षे चालत असे.

ही सगळी समज आल्यावर मी सूक्ष्मदर्शकाकडे परत गेलो, आणि त्याच्याशी माझे वागणे बदलल्यावर त्याचेही वागणे बदलले. वायरवरचे चाक फिरवून गोल दिवे पूर्ण बंद केले, झूम सर्वांत कमी ठेवला, कॅमेरा स्टँडवर जितका वर जाईल तितका वर नेला, आणि बाजूने साध्या टॉर्चचा एकच झोत नाण्यावर टाकला. आता पडद्यावर सावल्या आल्या, पायरी पायरीसारखी आणि गोलाई गोलाईसारखी दिसू लागली. फोटो काढून ठेवता येतात ही या यंत्राची खरी कमाई आहे, कारण दुहेरी डाय ठरवण्याची शेवटची कसोटी भिंगाने होतच नाही. डाय सदोष असेल तर तिच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष, त्याच अक्षरावर, त्याच दिशेने, त्याच अंतराने असला पाहिजे. यंत्राच्या सैलपणाचे दुहेरीपण मात्र दर छापेला कमी-जास्त होते, आणि मार तर एकाच नाण्याचा असतो. म्हणून त्याच सालचे, त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे शोधून दोन फोटो शेजारी ठेवणे हाच खात्रीचा मार्ग, आणि दोन फोटो शेजारी ठेवायला पडदा लागतो. १९५५ च्या सेंटाच्या बाबतीतही अस्सलपणा ठरवताना मागच्या बाजूच्या 'सेंट' शब्दातल्या शेवटच्या अक्षराजवळचे डायवरचे बारीक ओरखडे पाहतात, कारण ते त्या डायची सही असल्यासारखे प्रत्येक नाण्यावर येतात.

यंत्राचे दोष लिहायलाच हवेत. स्टँड हलके आहे आणि आमच्या इमारतीमागून लोकल गेली की पडद्यावरचे नाणे थरथरते. मी बुडाला जुना वजनमाप ठेवून काम भागवले. फोटोचे बटण कॅमेऱ्यावरच असल्यामुळे ते दाबताना चित्र हलते, म्हणून सॉफ्टवेअरमधल्या बटणानेच फोटो काढावा. अंतर मोजण्याची सोय आहे, पण झूम बदलला की ती नव्याने जुळवावी लागते. १९९२ नंतरचे पोलादी रुपयाचे जुने नाणे पंचवीस मिलिमीटर व्यासाचे आहे, ते मी मापासाठी वापरतो. प्लास्टिकच्या पाकिटातून पाहिले तर जाड प्लास्टिक प्रतिमा दुमडते आणि पुन्हा तेच खोटे दुहेरीपण समोर येते, हा दोष यंत्राचा नाही, पण माहितीपत्रकात एक ओळ लिहिली असती तर बिघडले नसते. तीन महिन्यांत आठपैकी एक दिवा गेला. विक्रेत्याने यंत्र बदलून द्यायची तयारी दाखवली, पण दिवे मी तसेही बंदच ठेवत असल्यामुळे परत पाठवण्याचे कष्ट घेतले नाहीत.

ज्यांना केवळ दुहेरी डाय आणि मार यांतला फरक ओळखायचा आहे, त्यांनी आधी तीन काचांचे भिंग आणि वाकणाऱ्या मानेचा एक दिवा घ्यावा. दोन्ही मिळून हजार-बाराशेत होते. सूक्ष्मदर्शक त्यानंतर, आणि तोही फोटोंसाठी घ्यावा. ज्यांची नजर कमी झाली आहे किंवा ज्यांच्या हाताला कंप आहे, त्यांचा क्रम उलटा असू शकतो, कारण इंचभर अंतरावर नाणे स्थिर धरणे वाटते तितके सोपे नाही. हजार पटीच्या आकड्यासाठी जास्त पैसे मात्र कोणीच देऊ नयेत.

एकेचाळीस पाकिटांपैकी आता एकच उरले आहे. मुंबईच्या टांकसाळीचा, २००१ चा रुपया, ज्याच्या 'भारत'मधल्या 'र'च्या टोकाशी खाचेसारखे काहीतरी आहे. फिरवताना चमक पेटत-विझत नाही, सरकते, पण कान्यावर मात्र काहीच दिसत नाही आणि ते मला खटकते. त्याचे तीन दिशांनी काढलेले तीन फोटो संगणकात आहेत. डेअरीवाल्याला मी २००१ ची चौकट खुणेची नाणी बाजूला ठेवायला सांगितले आहे, आणि दर रविवारी सकाळी तो मला एक मूठभर देतो. आतापर्यंतच्या सतरा नाण्यांवर तशी खाच मिळालेली नाही, म्हणून पाकिटावर पेन्सिलीने 'संशयित' एवढेच लिहिले आहे.